खोट्या मरणाचं सुतक

फाल्गुन लागला की आमच्या कातळावरचं ऊन असं काही पेटतं की सकाळी वाळत घातलेली सालपापडी दुपारी तळलेलीच उचलायची. काजूचे बोंडू झाडाखाली पडून आंबतात आणि त्यांच्या नुसत्या वासानं वाडीतले कावळे वाकडेतिकडे उडायला लागतात. एक तर माझ्या डोळ्यांदेखत विजेच्या खांबावर आपटला आणि त्याची माफी मागून पुढे गेला. आंब्यांखाली सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पडतो. देवळामागे ढोलांना ऊन दाखवायला बाहेर काढतात, मधूनच कुणीतरी टिपरू मारून बघतो, आणि तो एकुलता एक ठोका उतारावरून घरंगळत खाली समुद्रावर जातो, पाण्याला आपटतो आणि परत वर येतो. आरे-वारेच्या अलीकडे डोंगराला पाठ टेकून बसलेल्या आमच्या वाडीत शिमगा असा आधी नाकात शिरतो, मग कानात, आणि सगळ्यात शेवटी कॅलेंडरात.

ह्या दिवसांत मला श्वास घ्यायची फुरसत नसते. माझा धंदा मंडपाचा. खांब, ताडपत्र्या, खुर्च्या, भोंगे, जनरेटर, सगळं माझं. देवाची पालखी ज्या अंगणात येणार त्या अंगणाची सावली मी उभी करतो. म्हणजे एका अर्थी देवसुद्धा माझं गिऱ्हाईक. ह्या वर्षीही मी त्याच गडबडीत आहे. पण पहार खांद्यावर टाकून सुलूताईच्या अंगणात शिरलो की पाय जरा रेंगाळतात. मागे एका शिमग्याला ह्याच अंगणात सुलूताईला मारायला मुंबईहून माणसं आली होती. गाड्या भरभरून. कॅमेरे घेऊन. आणि त्यांना बसायला खुर्च्या मी दिल्या होत्या, तेही भाड्यात सूट देऊन.

आता असं एकदम सांगितल्यावर माणूस दचकणारच. तेव्हा जरा मागून येतो.

सुलूताई माझी चुलतबहीण. रसायनशास्त्र शिकलेली. खाडीकाठच्या एका कंपनीत ती प्रयोगशाळेत होती. कंपनीचं नाव मी घेणार नाही, घेतलं तर वकिलांचा मंडप घालावा लागेल. कंपनीतून बाहेर पडणारं पाणी नळीत धरून तपासायचं, हे तिचं काम. आणि तपासता तपासता तिच्या लक्षात आलं की तिच्या नळीत जे पाणी येतं ते एका पाइपाचं, आणि ओहोटी लागली की खाडीत जे सुटतं ते दुसऱ्याच पाइपाचं. त्या खाडीत आमच्या बायका चिखलात उतरून मुळे काढतात. शिंपल्यातले मुळे, ज्यांच्या सुक्यासाठी मी भर पावसात बुरोंडीपर्यंत चालत गेलोय, आणि एकदा तर पोहत. त्या मुळ्यांना रॉकेलचा वास यायला लागला होता. बायकांच्या पोटऱ्या लाल व्हायच्या, खाज सुटायची. सुलूताईनं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, "मॅडम, तुमच्या नळीत काय आहे तेवढं बघा." तिनं त्याच्या वरच्याला सांगितलं. तो म्हणाला, चहा घ्या.

मग ती मिलिंदकडे गेली.

मिलिंद म्हणजे आमच्या बौद्धवाडीतल्या शाळामास्तरांचा मुलगा, जिल्ह्याच्या पेपराचा वार्ताहर. बातमी तोच लिहायचा, फोटो तोच काढायचा, वाढदिवसाच्या जाहिराती तोच आणायचा, आणि पाऊस असला तर पेपरही तोच टाकायचा. तो बातमीदार कसला, आख्खा छापखाना होता, दोन चाकांवरचा. त्यानं सुलूताईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं नाव नको. 'सूत्रांनी सांगितलं' असं टाकतो."

सुलूताई म्हणाली, "सूत्र म्हणजे कोण रे? मला नाव आहे. बारशाला ठेवलेलं."

हे लिहिताना मला आजही हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. आमच्याकडे शिमग्यात ओरडायची मुभा असते. होळी पेटली की तोंडावर मूठ धरून कुणाच्याही नावानं ठणाणा करा, सरपंच म्हणू नका, सावकार म्हणू नका, देवस्थानचे मानकरी म्हणू नका. कोण ओरडलं ते धुरात कुणाला दिसत नाही, दुसऱ्या दिवशी सगळे एकाच टपरीवर चहा पितात. शंभर माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडणं सोपं असतं. मी तर त्यात पट्टीचा, माझ्या ओरडण्यानं एकदा मांडवीच्या जेटीवरचे मासेवाले दुकान आवरून पळाले होते, भरतीची लाट आली समजून. पण सुलूताई ओरडली ती शिमगा सरल्यावर, मुभा संपल्यावर. एकटी. तोंडावरची मूठ काढून.

आणि मिलिंदही वेडा. नाव मिळालं, बातमी मिळाली, तरी लगेच छापीना. ओहोटी बघून मुळेवाल्या बायकांबरोबर गुडघाभर चिखलात उतरला. पाइपाच्या तोंडाशी बाटलीत पाणी धरलं, दूरच्या गावी नेऊन तपासून आणलं. मग कंपनीला जाऊन विचारलं, तुमचं काय म्हणणं? कंपनीनं म्हणणं दिलं नाही, हापूसची पेटी दिली. मोसमातली पहिली पेटी! तिच्या वासानं त्याच्या गल्लीतल्या मांजरांनीसुद्धा मासे सोडले असं मी ऐकलं होतं. मिलिंदनं ती पेटी गाडीला बांधून परत नेऊन दिली. चैत्रात हापूसची पेटी परत करणारा रत्नागिरीच्या इतिहासातला तो पहिला माणूस; मी असतो तर पेटी ठेवून घेऊन नुसतं गवत परत केलं असतं. मी त्याला म्हटलंही, "मेल्या, निदान वास तरी घ्यायचास!" तो म्हणाला, "वास घेतला म्हणूनच दिली. थांबलो असतो तर कापली असती."

बातमी छापून आली. मग चौकशी आली, पाइप बंद झाला, खाडी हळूहळू शुद्धीवर आली. सुलूताईची नोकरी मात्र गेली. त्याचं तिनं मनाला फार लावून घेतलं असं काही मला दिसलं नाही. भावोजी जहाजावर, घरचं कोकम भरपूर; ती आगळ काढून विकायला लागली, शेजारच्या पोरापोरींना रसायनशास्त्र शिकवायला लागली. परसात तिचा शेवगा. संध्याकाळी पायरीवर बसून ती समुद्राकडे बघते तेव्हा एखाद्या पेन्शनर राणीसारखी दिसते.

ह्या सगळ्याचा पिक्चर करायचा म्हणून मुंबईहून ते डायरेक्टर आले.

माणूस वाईट नव्हता. दाढी होती, टोपी होती, आणि डोळ्यांत सारखं काहीतरी साठल्यासारखं असायचं. आल्या दिवशीच त्यांनी हाताच्या बोटांची चौकट करून आमची सगळी वाडी बघून टाकली. सुलूताईचं घर त्यांना एवढं आवडलं की म्हणाले, "नायिका इथंच राहणार." सुलूताई म्हणाली, "ती इथंच राहते." कथा त्यांनी आधी ऐकवली होती, बातमी छापून येते तिथपर्यंत. शेवट काय, असं विचारल्यावर म्हणाले होते, "तो शूटिंगला गेल्यावर बघू." सुलूताई शास्त्राची माणूस, प्रयोग संपायच्या आधी निष्कर्ष मागायचा नाही, अशी तिला शिस्त. तिनं होकार दिला.

आणि ऐन शिमग्यात, वाडीत ढोल घुमत असताना, चाकरमान्यांनी घरं भरलेली असताना, डायरेक्टरांनी शेवट सांगितला. नायिका समुद्रात जाते. सकाळी ती किनाऱ्यावर सापडते. तिच्या अंगणातून अंत्ययात्रा निघते, सगळं गाव मागं, आणि तो पत्रकार, देखणा, हातात पेपर घेऊन एकटा उभा.

मी तिथंच होतो, खुर्च्या मांडत. खरं सांगतो, मला शेवट आवडला. त्यांनी मला खांदेकऱ्याचं काम दिलं होतं, पुढच्या डाव्या अंगाला. मी आरशासमोर दुःखी चेहऱ्याचा सराव चालू केला होता. बायकोनं विचारलं, पोट बिघडलंय का.

सुलूताई मात्र पायरीवरून उठली.

"तुम्ही माझं नाव बदललंत, मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "माझा नवरा जहाजावर आहे, तुम्ही तो पळून गेलेला दाखवलात, तरी गप्प बसले. ह्या मिलिंदला जीपगाडी दिलीत, ती तर मलाही आवडली. पण मी मरणार नाही."

"ताई, प्रेक्षकाला हलवायचं तर बलिदान लागतं," डायरेक्टर म्हणाले. "प्रतीक म्हणून घ्या ना."

"मी घेईन. पण बघणारी काय म्हणून घेईल? कुठल्यातरी कंपनीत एखादी पोरगी नळीत पाणी धरून बसलेली असेल. तिला सगळं दिसतंय. ती तुमचा पिक्चर बघणार, आणि शेवटी तिला कळणार की जी बोलली ती समुद्रात गेली. दुसऱ्या दिवशी ती काय करील? नळी धुवील आणि जागेवर ठेवील."

"पण ताई, प्रेक्षक रडत बाहेर पडायला हवा."

"रडत कशाला? चिडून बाहेर पाठवा."

डायरेक्टर हसले, मान हलवली, वा वा म्हणाले आणि हातातल्या वेळापत्रकाकडे बघून पुढच्या तयारीला लागले. सुलूताई रोज सांगत राहिली. सकाळी चहा देताना, दुपारी ताक देताना. त्यांनी चहा घेतला, ताक घेतलं, शेवट तसाच ठेवला. तिला कंपनीची आठवण झाली असणार. तिथंही चहाच मिळाला होता.

अंत्ययात्रेचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या आळीत यायची होती, पहिला मान सुलूताईच्या घरचा. अंगण सारवलेलं, ओटीचं सामान मांडलेलं, दारात आंब्याच्या पानांचा टाळा, आणि त्याच अंगणात पिक्चरवाल्यांनी आपली तिरडी आणून ठेवली.

ती बघितली आणि आमच्या वाडीतली समस्त पुरुषमंडळी कळवळली. रंधा मारलेले गुळगुळीत बांबू! नायलॉनची निळी दोरी! गाठी तर अशा, की त्यावरून मेलेला माणूस फाटकापर्यंत पोचायच्या आत उठून चालायला लागला असता.

"ही तिरडी?" कुणीतरी म्हणालं. "ही तर नारळ काढायची शिडी!"

"आमच्या वाडीचं नाव जाईल हो. पिक्चर मुंबईत बघणार, पुण्यात बघणार. तिथले म्हणतील, ह्यांना माणूस पोचवतासुद्धा येत नाही."

मला खांदा द्यायचा होता, म्हणजे जबाबदारी माझी. मी कोयता घेतला. बघता बघता बेटातून ओले बांबू आले, कुणी सुंभ आणला, कुणी आडव्या कामट्या तासल्या. काय हात चालले म्हणून सांगू! एरवी ज्या माणसांना मंडपाचा एक खांब धर म्हटलं तर कंबर दुखते, ती माणसं स्पर्धा असल्यासारखी गाठी आवळत होती. उन्हात तिची हिरवी झाक, करकचून बसलेला सुंभ, एक कामटी इकडची तिकडे नाही. डायरेक्टर हरखून गेले. मी त्यांना सांगितलं की आमच्या वाडीच्या तिरड्यांना पार गोव्यातून मागणी असते.

एवढ्यात तात्या गुरव आले. देवळाची पूजा त्यांच्याकडे, पालखीचं सगळं तेच बघतात. उद्याचं बोलायला म्हणून फाटकातून आत शिरले आणि जागच्या जागी थिजले.

"कोण गेलं रे?"

"कोण नाय तात्या, पिक्चर आहे."

"बांधली कुणी?"

"आम्हीच," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"बांबू ओले?"

"अगदी हिरवेगार."

"सुंभ?"

"सुंभच. नायलॉन काढून टाकला."

तात्या माझ्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. "नायलॉन असता तर मी अक्षर बोललो नसतो," ते म्हणाले. "ते पिक्चरवाल्यांचं खेळणं. पण ही तुम्ही बांधलीत. आपल्या हातानं, आपल्या रीतीनं, ऐन शिमग्यात, पालखीच्या वाटेवर. आता ही खरी झाली. आणि तिरडी खरी, म्हणजे घरात सुतक. सुतकाच्या घरी पालखी कशी आणू?"

आमच्या सगळ्यांच्या हातात अजून सुंभाचे धागे होते. मग एकदम सगळे बोलायला लागले. खोट्या मरणाचं सुतक खोटं असतं की खरं? नटी मुंबईची, मग सुतक मुंबईला लागेल की इथं? एका चाकरमान्यानं विचारलं, आंघोळ केली तर भागेल का. ती नटी बिचारी पांढऱ्या साडीत पायरीवर बसून मीठ लावून कैरी खात होती, ती म्हणाली, "मी अजून झोपले पण नाहीये त्याच्यावर." मिलिंद भिंतीला टेकून सगळं बघत होता. कुणीतरी त्याला विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "मी ह्या सुतकाच्या बाहेरचा माणूस. पण बातमी म्हणून पहिल्या पानाची आहे."

मला मात्र त्या गोंधळात उजेड दिसला. मी हळूच सुलूताईच्या कानाशी गेलो. "ताई, गप्प राहा. तात्या आता पिक्चर बंद पाडतात बघ. तुझं काम आपोआप झालं."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि सरळ उठून तात्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तात्या, सुतकबितक काही लागत नाही हो. बांबू आहेत ते. सुंभानं बांधले म्हणून कुणी मरत नाही. ही माणसं काम करायला आलीत, त्यांना उगाच घाबरवू नका."

मी कपाळावर हात मारला. "अगो, तुझ्याच भल्याचं चाललंय ना सगळं!"

"असेल. पण खरं नाय."

तात्या रागावले नाहीत. ते तिला लहानपणापासून ओळखत होते. "सुलू, तू तुझ्या जागी," ते म्हणाले. "पण पालखी काय तुझी एकटीची नाय. देवाला विचारू."

मग सगळी वरात देवळात. कॅमेरे, छत्र्या, नटी, आम्ही. तात्यांनी ओल्या कळ्या देवाच्या उजव्याडाव्या अंगाला चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही मुंबयची पावणी तुझ्या पायाशी आलीत..." "होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो, आणि देखादेखी पिक्चरवालेही ओरडले. "काय चूकभूल झाली असंल ती पोटात घाल..." "होय म्हाराजा!" "तिरडी अंगणात असताना पालखी न्यायची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." सगळ्यांचे डोळे त्या कळ्यांवर. एरवी आमचा देव कौल द्यायला अर्धा दिवस घेतो, मध्ये दोनदा चहा होतो. त्या दिवशी तात्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत डावी कळी सुटली.

डायरेक्टर पुढे सरकले. "वन मोर घेऊ या का?"

तात्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "देवाला रिटेक नसतो."

तिरडी सोडली. सुंभ विहिरीकडे टाकला, बांबू पुन्हा बेटात. तात्या म्हणाले, पालखी येणार. वाडी सुटकेचा श्वास टाकून आपापल्या घरी गेली. डायरेक्टरही समजूतदार, म्हणाले, "काही हरकत नाही, अंत्ययात्रा मुंबईला सेट लावून घेतो." म्हणजे माझा खांदा गेला आणि सुलूताईचं मरण नुसतं गाव बदलून तिथंच राहिलं.

मी खुर्च्या गोळा करत होतो. ऊन उतरलं होतं, समुद्रावरून तो खारट, ओलसर वारा यायला लागला होता. सुलूताई पायरीवर वाल सोलत बसली होती. डायरेक्टर निरोप घ्यायला आले आणि उभेच राहिले.

"एक विचारू का, ताई? तुम्ही मघाशी गप्प बसला असतात तर शूटिंग बंद पडलं असतं. तुम्हाला तेच हवं होतं. मग बोललात कशाला?"

सुलूताईनं हातातली शेंग सोलून पुरी केली. "कंपनीतही गप्प बसले असते तर माझं बरंच चाललं असतं," ती म्हणाली. "ते मला जमत नाही. त्यात बलिदानबिलिदान काही नाही हो. खोटं चाललेलं दिसलं की मला बसवत नाही, एवढंच. तेवढ्यासाठी मरायला कशाला हवं?"

डायरेक्टर पायरीवर टेकले. टोपी काढून मांडीवर ठेवली. पहिल्यांदाच त्यांचं डोकं दिसलं. चांगलं टक्कल होतं.

"बातमी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी? कामावर घेतलं नाही. घरी आले. भूक लागली होती. जेवले. मग हेच, वाल सोलत बसले. मुळेवाल्या बायका आल्या बघायला, त्या पण बसल्या सोलायला."

"आणि मग?"

"मग उसळ केली."

डायरेक्टर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि तिच्यातून सुलूताईकडे बघितलं. पायरी, सूप, वाल, मागं काळवंडत चाललेला समुद्र. मग चौकट मोडून म्हणाले, "उद्या पालखी गेल्यावर मला तासभर हे अंगण मिळेल?"

पालखी आली. ढोल असे वाजले की माझ्या मंडपाचे खांब जमिनीतून वीतभर वर येऊन नाचले आणि पुन्हा आपापल्या खड्ड्यात बसले. सुलूताईनं ओटी भरली. नटीनं खांद्यावर पालखी घेण्याचा हट्ट धरला नाही, पण ती नाचली मात्र मनसोक्त. आणि गुलाल खाली बसल्यावर, त्याच अंगणात, त्याच पायरीवर, पिक्चरचा शेवट घेतला. नायिका वाल सोलते. बायका, म्हणजे आमच्या खऱ्या मुळेवाल्याच, येऊन बसतात. कुणी फारसं बोलत नाही. फाटकाशी कुणीतरी येतं, ती मान वर करते आणि म्हणते, "ये."

पिक्चर पुढे घरोघरच्या टीव्हीवर आला, मोबाइलवर आला. मी देवळासमोर पडदा लावून आख्ख्या वाडीला दाखवला. लोकांनी कथा बघितलीच नाही, जो तो स्वतःला शोधत होता. मी गर्दीत एकदा दिसतो, पाठमोरा, पण पाठ बोलकी आहे असं सगळे म्हणाले. पडद्यावरचा देखणा पत्रकार जीपमधून उतरला की पोरं मिलिंदला चिडवायची, "मिलिंददादा, जीप कुठं लावलीस?" तो म्हणायचा, "पेटीबरोबर परत केली." शेवट आला तेव्हा कुणी रडलं नाही. खुर्च्या सरकवत उठताना मुळेवाल्यांपैकी एक जण मोठ्यानं म्हणाली, "आमचं काम बरं झालंय." कुण्या शहाण्यानं म्हणे लिहिलं, शेवट फार थंड आहे. असेल. आमच्याकडे उन्हात एवढं तापल्यावर संध्याकाळची गार पायरी माणसाला काय वाटते, हे त्याला कुणी सांगावं?

मला मात्र शिमगा आला की तो वारा, तो सुंभाचा वास, ती टक्कल उघडी पडलेली संध्याकाळ, असं सगळं एकदम येतं, आणि बरं वाटतं. आपली माणसं जिवंत असणं ही काही लहान गोष्ट नाही. पिक्चरातसुद्धा.

परवाचीच गोष्ट. ऐन दुपारी मी सुलूताईच्या अंगणात खांबाचे खड्डे पाडत होतो. फाटकाशी एक बाई उभी होती. तिशीच्या आतली, परगावची दिसत होती, हातात पिशवी, उन्हानं लाल झालेली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"त्या पिक्चरमधल्या ताई इथंच राहतात ना?"

"इथंच तर!" मला असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणी. "ही बघा, ह्या पायरीवर शेवट घेतला. आणि इथं, जिथं तुम्ही उभ्या आहात ना, तिथं मी तिरडी बांधली होती. अशी तिरडी की..."

ती हसली नाही. घरावरून, शेवग्यावरून, दोरीवर वाळणाऱ्या साडीवरून तिची नजर फिरत होती.

"त्या खरंच बऱ्या आहेत ना? म्हणजे, नंतर काही... त्रास वगैरे?"

मी तोंड उघडलं होतं, पण सुलूताई आतून बाहेर आली. हात कैरीच्या रसानं ओले, पदर खोचलेला. तिनं त्या बाईकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या हातांकडे. बोटांच्या टोकांना पिवळट डाग होते, रसायनं हाताळणाऱ्यांना पडतात तसे.

"बरी आहे," सुलूताई म्हणाली. "बघ ना. ये आत. जेवलीस?"

बाईनं मान हलवली, नाही म्हणून.

"आधी जेव. मग सांग. घाई नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "बाळ्या, तू जा आता. खड्डे उद्या पाड."

मी ह्या वाडीत काय काय ऐकलंय, काय काय फुलवून सांगितलंय, त्याला हिशेब नाही. एरवी मी काहीतरी निमित्त काढून खिडकीखाली रेंगाळलोच असतो. पण आत ताट मांडल्याचा आवाज आला, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आला. त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी पहार भिंतीला टेकवली, फाटकाची कडी हातानं उचलून धरली, आणि आवाज होऊ न देता लावून घेतली.